बातमीचा धनी कोण?

८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, भारतातल्या अनेक वृत्तवाहिन्यांवर कराची बंदर जळत होतं. निवेदक ओरडत होते, पडद्यावर स्फोट दिसत होते, नौदलाने हल्ला चढवल्याचं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. सकाळ झाली तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होतं. त्याच दिवसांत पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते अहमद शरीफ चौधरी दोन जेएफ-१७ विमानं गमावल्याची कबुली देत असल्याची एक चित्रफीत फिरली. चेहरा त्यांचाच होता, पत्रकार परिषद जुनी होती आणि कबुलीचे शब्द कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्या तोंडी घातले होते. काही नावाजलेल्या माध्यमांनीही ती उचलली. गोंधळलेल्या लोकांनी मग 'एक्स'वरच्या ग्रोक या संवादयंत्राला विचारायला सुरुवात केली, हे खरं आहे का? ग्रोकने खार्तूम विमानतळाचं जुनं चित्रण नूर खान हवाई तळावरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचं म्हणून ओळखून दिलं.

म्हणजे बातमी देणारी माध्यमं चुकली, यंत्राने बनवलेल्या पुराव्याने फसवलं आणि खातरजमा करायला ज्याच्याकडे गेलो ते यंत्रही चुकलं. युद्धाच्या दिवसांत हे सगळं एकाच वेळी, एकाच मोबाइलच्या पडद्यावर घडलं. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माध्यमं यांवरचा लोकांचा विश्वास हा या संग्रहाचा विषय आहे, आणि हे दोन वेगळे विषय आहेत असं समजून आता चालणार नाही, हे त्या आठवड्याने दाखवून दिलं.

या विषयावरच्या परिसंवादांत बहुतेक वेळा एकच प्रश्न फळ्यावर लिहिलेला असतो: लोकांचा विश्वास कसा वाढवायचा? कंपन्यांना एआयवरचा वाढवायचा असतो, संपादकांना वर्तमानपत्रावरचा. मला हा प्रश्नच उलटा वाटतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओ'नील यांनी २००२ मध्ये बीबीसीवर दिलेल्या रीथ व्याख्यानमालेत नेमकं यावर बोट ठेवलं होतं. विश्वास जास्त असणं ही काही आपोआप चांगली गोष्ट नाही. जो विश्वासाला पात्र आहे त्याच्यावर तो असावा आणि जो नाही त्याच्यावर नसावा, आणि हे ओळखता यावं यासाठी लोकांच्या हाती काही साधन असावं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या जमावात विश्वासाची कमतरता नव्हती. ओळखीच्या माणसाकडून मोबाइलवर आलेल्या मजकुरावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा फितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा शेवट कापून तयार केलेली होती. तिला कुठलीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नव्हती, एक कात्री पुरली.

म्हणून या प्रस्तावनेत मी दुसराच प्रश्न धरून चालणार आहे. एखादी गोष्ट खोटी निघाली तर तिच्याबद्दल जाब कोणाला विचारायचा? बातमीवरचा विश्वास ज्या काळात टिकला, त्या काळात या प्रश्नाला काही ना काही उत्तर होतं. जिथे ते उत्तर नाहीसं झालं तिथे विश्वासही गेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे आंधळा होऊन राहिला.

मराठी वृत्तपत्रसृष्टीला हा प्रश्न नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा वाचणारा वर्ग मूठभर होता आणि छापलेल्या अक्षराचा दरारा मोठा होता. त्या दरार्‍याची पहिली कसोटी पन्नास वर्षांनी लागली. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज मनोरुग्ण असल्याचं सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवलं होतं. त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी लोकांत कुजबुज होती. बर्व्यांचा हात सिद्ध करणारी म्हणून काही पत्रं पुढे आली, आणि त्यांच्या आधारावर 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांच्यावर जाहीर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि त्यावर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

या प्रकरणाकडे आपण देशभक्तीच्या चरित्रातला पहिला तुरुंगवास म्हणून पाहतो. मला ते आजच्या विषयाचं सर्वांत जुनं मराठी उदाहरण वाटतं. पुरावा बनावट होता. तो बनवणाऱ्याला वाचकांच्या मनात आधीपासून काय आहे हे नेमकं ठाऊक होतं. संपादकांनी तो तपासला नाही, कारण त्यांनाही तो खरा असावासा वाटत होता. डीपफेक आज याच पायरीवर काम करतो. आणि गोष्ट इथे संपतही नाही. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्या महाराजांचा मृत्यू झाला. पत्रं खोटी होती, पण महाराजांच्या जिवाची लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती. खोट्या पुराव्याने खऱ्या प्रश्नाचं किती नुकसान होतं हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा दाखला मला माहीत नाही. तरीही 'केसरी' बुडाला नाही. दोघांनी चूक मान्य केली, माफी मागितली, शिक्षा भोगली, आणि सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं. चुकलेल्या पत्राला लोक क्षमा करतात. चुकून नामानिराळं राहणाऱ्याला करत नाहीत.

पण विश्वास कोणाचा, हाही प्रश्न तेवढाच जुना आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, ते मराठी पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात आणि इतरांची त्यांना पर्वा नाही, असं स्पष्ट सांगूनच. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढलं होतं. 'पूर्वी लोकांचा वर्तमानपत्रांवर किती विश्वास होता' असा गळा आज काढला जातो, तेव्हा या दोन पत्रांची आठवण ठेवावी. ज्यांच्याविषयी कधी छापलंच जात नव्हतं त्यांचा विश्वास गमावण्याचा प्रश्नच नव्हता, तो कधी मिळवलेलाच नव्हता.

अलीकडचा दाखला अधिक बोचरा आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच राजकीय नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत गेला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. तो संपूर्णपणे लोकांसमोर यायलाही झगडावं लागलं. २०१६ मध्ये नोटाबंदीच्या वेळी दोन हजारांच्या नोटेत 'नॅनो चिप' असल्याचं काही वाहिन्यांनी गांभीर्याने दाखवलं. दोन्ही वेळी चॅटजीपीटीचा जन्मही झाला नव्हता. एआयने माध्यमांची विश्वासार्हता खाल्ली असं म्हणणाऱ्या संपादकांना हे अधूनमधून ऐकवायला हवं.

आता अभ्यासाच्या क्षेत्राकडे वळू, कारण ज्यांना हा विषय नवा आहे त्यांना त्यातल्या वाटा ठाऊक असलेल्या बऱ्या. एक वाट वृत्तपत्रांच्या बाजूने येते. १९२० मध्ये वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या रशियन राज्यक्रांतीच्या बातम्या मोजून तपासल्या. बोल्शेविकांची सत्ता आता कोसळणार, असं त्या पत्राने ९१ वेळा छापलं होतं. बातम्यांत जे घडलं ते कमी आणि बातमी देणाऱ्यांना जे हवं होतं ते जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. कराचीच्या रात्रीचं परीक्षण शंभर वर्षं आधी लिहून ठेवावं तसा तो वाचताना वाटतो. लिपमन पुढे या मताला आले की सामान्य नागरिकाला दूरच्या जगाचं यथार्थ ज्ञान होणं अवघड, तेव्हा तज्ज्ञांनीच ते गाळून द्यावं. जॉन ड्यूई यांनी १९२७ मध्ये त्याला उत्तर दिलं: लोकांनी एकमेकांशी बोलून, भांडून सार्वजनिक मत घडवायचं असतं, ते वरून वाटता येत नाही. आज एखादी कंपनी 'आमचं यंत्र तुम्हाला बातम्यांचा सारांश देईल' असं म्हणते, तेव्हा ती नकळत लिपमनच्या बाजूला उभी असते, आणि तिच्याकडे लिपमनचे तज्ज्ञही नसतात.

दुसरी वाट मानसशास्त्राची. येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी १९५१ मध्ये दाखवलं की तोच मजकूर भरवशाच्या नावाखाली दिला तर लोकांना जास्त पटतो, मात्र काही आठवड्यांनी कोणी सांगितलं हे विसरलं जातं आणि काय सांगितलं तेवढं उरतं. या एका निरीक्षणात व्हॉट्सअॅपचं निम्मं शास्त्र आहे. पुढच्या सत्तर वर्षांत या परंपरेने ढिगाने मोजमापं केली. त्यातली बरीचशी अमेरिकन विद्यार्थ्यांवरची आहेत, त्यामुळे त्यांवर इथे फार वेळ घालवत नाही.

तिसरी वाट यंत्राची, आणि ती वाटते त्याहून जुनी आहे. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. समोरच्याचंच वाक्य उलटं करून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला येत होतं. तरी त्यांच्याच सचिव त्याच्याशी बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं. या धक्क्यातून वायझेनबॉम आयुष्यभर सावरले नाहीत आणि आपल्याच क्षेत्राचे कठोर टीकाकार बनले. माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो तो यंत्र हुशार असतं म्हणून नाही, ते आपल्यासारखं बोलतं म्हणून, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले एस. श्याम सुंदर यांनी २००८ च्या सुमारास याला आणखी एक पदर जोडला: एखादी गोष्ट यंत्राने निवडली किंवा सांगितली असं कळलं की ती पक्षपात नसलेली असणार, असं लोक गृहीत धरतात. याच्या नेमकं उलटंही घडतं. २०१५ मध्ये बर्कली डीटव्होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यंत्राला एकदा चुकताना पाहिलं की लोक त्याला सोडून देतात, मग माणूस त्याहून जास्त चुकत असला तरी. चारच वर्षांनी जेनिफर लॉग आणि सहकाऱ्यांचे प्रयोग उलट बाजूने आले, लोक यंत्राच्या सल्ल्याला माणसाच्या सल्ल्यापेक्षा अधिक वजन देतात असं सांगणारे. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर असावेत. यंत्राची चूक दिसली की नाही, यावर बरंच अवलंबून आहे, आणि बातमीच्या बाबतीत ती सहसा दिसत नाही.

बातमीदारीत यंत्र शिरलं ते गाजावाजा न करता. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा 'क्वेकबॉट' भूकंपाच्या नोंदींवरून आपोआप बातमी करायचा. मार्च २०१४ मध्ये त्याने काही मिनिटांत बातमी दिली आणि त्याचं कौतुक झालं. जून २०१७ मध्ये त्यानेच सांता बार्बराला ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याचं प्रसिद्ध केलं. तो भूकंप १९२५ चा होता. शास्त्रज्ञ जुन्या नोंदीत दुरुस्ती करत होते आणि यंत्राला ती नवी घटना वाटली. ही चूक मला जवळजवळ प्रामाणिक वाटते, कारण तिचं मूळ शोधता येत होतं. २०१४ पासून असोसिएटेड प्रेसही कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या यंत्राकडून करून घेत होतं. आकडे आत, साचेबद्ध वाक्यं बाहेर. त्यावर फारशी तक्रार झाली नाही.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि चुकीचा प्रकार बदलला. ही यंत्रं आकड्यांवरून वाक्य करत नाहीत. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावरून मजकूर रचतात. त्यामुळे त्यांची चूक वाचायला सुबक असते. 'सीनेट' या संकेतस्थळाने २०२३ च्या सुरुवातीला एआयने लिहिलेले ७७ आर्थिक लेख तपासले आणि ४१ लेखांत दुरुस्त्या करायची वेळ त्याच्यावर आली. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती, लेखक मात्र खरे होते. पुरवणी बाहेरून विकत घेतलेली होती आणि ती छापण्याआधी वृत्तपत्रातल्या कोणीही वाचली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये अॅपलच्या फोनवरच्या सारांशयंत्राने बीबीसीच्या नावाने अशी सूचना दाखवली की न्यूयॉर्कमधल्या खून प्रकरणातला आरोपी लुइजी मँजिओनी याने स्वतःवर गोळी झाडली. बीबीसीने असं काही लिहिलंच नव्हतं. अॅपलने पुढच्या महिन्यात बातम्यांचे सारांश थांबवले.

या शेवटच्या प्रकारापाशी थोडं थांबायला हवं. इथे माध्यम चुकलं नव्हतं, पण नाव त्याचं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या २२ सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या पत्रकारांकडून एआय सहायकांची बातम्यांविषयीची सुमारे तीन हजार उत्तरं तपासून घेतली. ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला. त्यांत मोठा वाटा चुकीच्या किंवा गायब स्रोतांचा होता. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२५ च्या अहवालानुसार बातम्यांसाठी दर आठवड्याला असे सहायक वापरणारे ७ टक्के आहेत, २५ वर्षांखालच्यांत १५ टक्के. प्रमाण लहान आहे, पण बातमीची सवय लागण्याच्या वयातलं आहे. त्याच अहवालात बातम्यांवर साधारणपणे विश्वास ठेवणारे लोक ४० टक्के आहेत, आणि तो आकडा तीन वर्षं हललेला नाही.

ही पाहणी भारतातही होते, पण तिच्यातले भारतीय प्रामुख्याने इंग्रजी जाणणारे आणि इंटरनेटवर बातम्या वाचणारे असतात. हे अहवालातच लिहिलेलं असतं आणि बातमी करताना हमखास गाळलं जातं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव यूट्यूबवर पाहणारा शेतकरी, सिंधुदुर्गातल्या गावच्या व्हॉट्सअॅप गटाची अॅडमिन असलेली आशासेविका, मुंबईत रात्रपाळीनंतर लोकलमध्ये मराठी ई-पेपर चाळणारा सुरक्षारक्षक, यांपैकी कोणीही 'भारताचा विश्वास' या आकड्यात नाही. केपीएमजी आणि मेलबर्न विद्यापीठ यांच्या २०२५ च्या ४७ देशांच्या पाहणीत भारतासारख्या देशांत एआयवरचा विश्वास श्रीमंत देशांपेक्षा पुष्कळ जास्त निघाला. याला आशावाद म्हणायचं की अनुभवाचा अभाव, हे मराठी वाचकांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

मराठीची आणखीही एक अडचण आहे. ही यंत्रं इंटरनेटवरच्या मजकुरावर शिकतात. इंग्रजी विकिपीडियावर सुमारे सत्तर लाख लेख आहेत, मराठीवर लाखभर. म्हणजे मराठीत विचारलेल्या प्रश्नाला यंत्राकडे मुळात कमी आधार, आणि उत्तराचा सूर तेवढाच आत्मविश्वासाचा. तालुक्याच्या पातळीवरचं तर जवळजवळ काहीच नाही, कारण ते वार्ताहरांच्या डायऱ्यांत आणि जिल्हा आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांत पडून आहे. दुसऱ्या बाजूला आवाजाची नक्कल वेगाने सुधारते आहे. मराठी लिपीत 'चार' आणि 'चाक' यांतला च एकच दिसतो, उच्चार वेगळे. यंत्र इथे अडखळतं आणि बनावट आवाज पकडता येतो, असं आम्ही काही दिवस एकमेकांना सांगत होतो. असल्या खुणांवर विसंबू नये. सहा महिन्यांत त्या पुसल्या जातात. २६ मे २०२४ ला डीडी किसानने 'क्रिश' आणि 'भूमी' हे दोन एआय निवेदक आणले, ते पन्नास भाषांत बोलू शकतात असं सांगून. सरकारी वाहिनीच्या शेतीवृत्तात जो आवाज चालतो तो उद्या कर्जमाफीच्या खोट्या बातमीतही चालेल, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींत फरक कळायचं कारण नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. त्याच्या आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती आल्या, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप करणाऱ्या. भारतीय जनता पक्षाने त्या समाजमाध्यमांवर मांडल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचं सांगून तक्रार केली. मतदानाच्या दिवशी सुळे यांचे चुलतभाऊ अजित पवार म्हणाले की आपण आवाज ओळखतो. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी ओळख पटवणाऱ्या साधनांतून फिती काढल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक एआयने बनवल्या असण्याची दाट शक्यता दिसली. तोवर रांगा लागल्या होत्या. राजकीय बाजू क्षणभर बाजूला ठेवून रचनेकडे पाहा. प्रचार बंद झालेला, खुलाशाला वेळ नाही, साधन 'शक्यता' सांगतं आणि निकटचा नातेवाईक 'ओळख' सांगतो. मतदाराने यातलं कोणाचं धरायचं?

अशा परिस्थितीचा उलटा फायदाही असतो. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी तो सर्वप्रथम नीट मांडला: डीपफेक बनवता येतात हे सगळ्यांना ठाऊक झालं की खऱ्या फितीत सापडलेल्यालाही 'हे एआयचं आहे' म्हणून सुटता येतं. लबाडाला मिळणारा हा लाभांश मला डीपफेकपेक्षा घातक वाटतो. खोटं पसरणं वाईट आहेच, पण खऱ्याला पुरावा म्हणून उभं राहायला जागा न उरणं अधिक वाईट. सत्तेतल्या माणसाचं गैरकृत्य गुप्त कॅमेऱ्याने टिपणाऱ्या बातमीदाराच्या हातातलं हत्यारच त्यामुळे बोथट होतं.

उपाय म्हणून लेबलांची भाषा बरीच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम मजकुरावर ठळक खूण सक्तीची करण्याचा मसुदा काढला. दृश्याच्या किमान १० टक्के जागेत ती असावी, असा त्यात प्रस्ताव होता. लेबल हवंच. पण गॉर्डन पेनिकुक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी २०२० मध्येच दाखवलं होतं की काही बातम्यांवर 'खोटी' असा शिक्का मारला की शिक्का नसलेल्या खोट्या बातम्या लोकांना अधिक खऱ्या वाटू लागतात. लबाडी करणारा तर खूण लावणारच नाही.

मग सरकारनेच खरं-खोटं ठरवावं का? २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाला देऊ केला होता. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं विभागली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. आपल्याविषयीच्या बातमीचा न्याय स्वतःच करण्याची मुभा कोणालाही नसावी, सरकारला तर नाहीच. माझ्या मते या क्षेत्रात आपल्याकडे झालेला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो खटला एका विनोदकाराच्या नावाने ओळखला जातो याचीही मला गंमत वाटते.

मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली ही ओळ. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला. ही ओळ कोणी वाचत नाही. पण खटला भरायचा असेल, खुलासा पाठवायचा असेल, तर पत्ता तिथेच मिळतो. संवादयंत्राच्या उत्तराखाली अशी ओळ नाही. तिथे फक्त 'यंत्र चुकू शकतं, महत्त्वाची माहिती तपासून घ्या' अशा अर्थाची सूचना असते, म्हणजे जबाबदारी वाचकाच्याच गळ्यात. आणि यंत्राला मजकूर जिथून मिळाला ती माध्यमं आता न्यायालयात गेली आहेत: डिसेंबर २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स', नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय. हे खटले पैशाचे आणि हक्कांचे आहेत असं वरवर दिसतं. त्यांत दडलेला प्रश्न असा की मजकूर ज्याचा, त्याच्या नावाने भलतंच सांगितलं गेलं तर काय.

या संग्रहात आम्ही काय करू पाहतो हे आता थोडक्यात सांगता येईल. लिहिणाऱ्यांत डेस्कवर बसणारे उपसंपादक आहेत, तालुक्याचे वार्ताहर आहेत, वकील आहेत, मराठी भाषा-तंत्रज्ञानात काम करणारे आहेत, शाळेत मुलांना व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तपासायला शिकवणाऱ्या शिक्षिका आहेत. त्यांची मतं एक नाहीत आणि ती एक करण्याचा प्रयत्न मी संपादक म्हणून केलेला नाही. यंत्राशिवाय जिल्हा आवृत्ती चालवणं आता परवडणार नाही असं ठामपणे मांडणारा लेख इथे आहे, तसाच यंत्राला न्यूजरूमच्या दारातच थांबवावं असं म्हणणाराही. माझं मत पहिल्याकडे झुकतं, एका अटीवर: यंत्राने लावलेल्या प्रत्येक ओळीखाली पगार घेणाऱ्या एका माणसाचं नाव असावं.

पुस्तकात भविष्यवाणी नाही. कोणतं यंत्र सरस, याचीही चर्चा नाही, कारण छपाई होईपर्यंत ती जुनी होते. सिनेमा, जाहिरात आणि शिक्षणातली एआय आम्ही जाणीवपूर्वक बाहेर ठेवली. गोव्यातल्या मराठी आणि कोंकणी वृत्तपत्रांवर स्वतंत्र लेख हवा होता. वेळेत होऊ शकला नाही, याची खंत आहे. ज्यांना तंत्रज्ञानाचा धसका वाटतो त्यांनी निवडणुकांविषयीचे लेख आधी वाचावेत. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी मात्र कायद्याच्या विभागापासून सुरुवात करावी, तो अभ्यासक्रमात हमखास सुटतो.

दोन-तीन लेखांत भाषांतरासाठी किंवा मुलाखतींच्या शब्दांकनासाठी यंत्राची मदत घेतली आहे. जिथे घेतली तिथे लेखकाने तसं नोंदवलं आहे आणि मूळ ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर ताडून पाहिला आहे. उरलेल्या चुकांसाठी त्या त्या लेखाचे लेखक आणि संपादक म्हणून मी जबाबदार आहोत. चुका कळवण्यासाठी प्रकाशकांचा पत्ता दुसऱ्या पानावर आहे, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्यांचं स्वतंत्र पान असेल.